तोंड मिटून अभ्यास

अक्षर वेडंवाकडं आहे, चुकाही असतील. ही वही माझ्यापुरतीच. आज नातीच्या तिसरीच्या पुस्तकांना कव्हरं घालताना कोऱ्या कागदाचा वास आला आणि बिलोलीतलं घर आठवलं.

माझी सुनीता दुसरीपर्यंत मोठ्यानं वाचायची, मी भाकरी थापत ऐकायची. तिसरीत ती पुस्तकासमोर गप्प बसू लागली. पोरीचा अभ्यास सुटला, आता शाळाही सुटणार, या भीतीनं मी पिठाच्या हातानंच धपाटा घातला.

"तोंड मिटून कसला अभ्यास गं?"

"आता मनात वाचायचं हाय. बाईंनी सांगितलंय."

"मग मला कसं कळंल?"

"इचार की!" ती रडतच म्हणाली.

मी विचारलं. तिनं पुस्तक मिटून सगळा धडा सांगितला. तव्यावरची भाकरी करपली.

मी चौथी शिकलेली, पण अजूनही ओठ हलवल्याशिवाय मला वाचता येत नाही.