भैरवीच्या आधी उठणारा दादा

दादा गेल्याचा फोन गडहिंग्लजला आला तेव्हा मी भाकरी थापत होते. वहिनी म्हणाली, "शालू, झोपेतच गेले गं..." मी रडले, रडणारच की, पण रडतानाच आतून हुश्श झालं. सख्ख्या भावाबद्दल असं लिहिलेलं बरं दिसत नाही, पण खरं तेच लिहिते.

दादा हायस्कुलात गणित शिकवायचा. माहेरची सगळी शिवाजी पेठ फुटबॉलनं येडी, हा एकटा गाण्यानं. यमन ऐकला की त्याचा दिवसभराचा शीण जायचा, बागेश्री लागली की पुढ्यातला चहा गार व्हायचा. भैरवी मात्र कधी ऐकली नाही. ती झाली की मैफल संपते, म्हणून गवई शेवटचे तंबोरे जुळवायला लागला की हा चपला शोधायचा. घरी लाडक्या कॅसेटवर भैरवी सुरू झाली की खटकन बटण दाबायचा. मी चिडायचे.

"भैरवी संपली की उठायला लागतंय. मला उठायचं न्हाय."

"मग आधीच उठतोस ते?"

"ते माझ्या मनानं उठतोय की!"

एस्टी स्टँडवरही तीच तऱ्हा. मी सासरी निघाले की खिडकीची जागा धरून द्यायचा, पिशवी वर ठेवायचा आणि गाडी सुटायच्या आत गायब! बाकीच्या बायकांचे भाऊ हात हलवत उभे, माझ्या खिडकीखाली शेंगदाणेवाला. लग्न झाल्यापासून हे मला सलत होतं.

पुढं त्याला कॅन्सर निघाला. डॉक्टरांनी हात टेकले, घरी आणला. मला एकच धास्ती, हा असाच निरोप न घेता निघून जाणार. शेवटच्या भेटीत त्यानंच ती कॅसेट लावायला सांगितली. यमन झाला, बागेश्री झाली. सवयीनं माझा हात बटणाकडं गेला.

"ऱ्हाऊ दे," दादा म्हणाला.

मी हात मागं घेतला. भैरवीभर तो माझा हात धरून पडून होता. टेप संपली, बटण आपोआप वर आलं, तेव्हा डोळे उघडून म्हणाला, "लई ग्वाड हाय गं. उगंच भीत हुतो... जा आता, तुझी गाडी चुकंल."

खाली येऊन रिक्षात बसले आणि सहज वर बघितलं. वहिनीच्या खांद्याला धरून दादा गॅलरीत उभा होता. रिक्षा वळेपर्यंत हात हलवत होता.

म्हणून ते हुश्श.

कॅसेट आता माझ्याकडं आहे. यमन पार झिजलाय, मधेच आवाज बुडतो. भैरवी तेवढी कोरी करकरीत. ती लागली की गॅसवर काही का असेना, बटण आपोआप वर येईपर्यंत मी जागची उठत नाही.