गरुडाचा शब्द
स्पिरिटचा वास आला की जळगावच्या दवाखान्यातली ती सकाळ आठवते. धाकट्या बहिणीच्या हृदयाचं ऑपरेशन होतं. चोपड्याहून येताना एसटीत मी तिला मुलांची कादंबरी वाचून दाखवली. त्यातली मुलगी गरुडाच्या शब्दावर विश्वासून कड्यावरून उडी मारते. पुढची पानं फाटलेली होती, ते मी तिला सांगितलं नाही. स्ट्रेचर आलं तरी ती माझा हात सोडेना. “अक्का, गरुड तिला झेलतो ना?” “झेलतो,” मी ठोकून दिलं. “खरं शे?” तिने आमच्या अहिराणीत खात्री करून घेतली. “खरं शे.” तिने हात सोडला. चार तास मी व्हरांड्यात येरझाऱ्या घातल्या. माझ्या खोट्याची शिक्षा तिला मिळेल, असंच वाटत राहिलं. शुद्धीवर आल्यावर ती पुटपुटली, “फाटलेली पानं मी पाहिली होती, अक्का.” आज ती धुळ्याला शिकवते, पण तिने फोन उचलला नाही की माझे पाय अजूनही एका जागी ठरत नाहीत.