उभी करून बघायचं

मला मोटरसायकलचं ऑइल बघायला केडगावच्या बाईंनी शिकवलं. बाई म्हणजे मी राहतो त्या खोलीच्या मालकीण, शाळेतून रिटायर झालेल्या. त्यांचं आधी लिहितो, कारण पुढे मी काय काय केलं ते येणार आहे, आणि ते वाचून कुणालाही वाटेल की हा माणूस अजून नोकरीवर कसा. बाईंमुळे आहे.

मी चंद्रपूरकडचा. आठवीत असताना आमच्या नाल्याला पूर आला आणि पंधरा दिवस शाळेची वाट बंद राहिली. वाट उघडली तेव्हा बाकीची पोरं गेली, मी गेलो नाही. का, ते आजही नीट सांगता येत नाही. पुढे मावसभावाच्या मागे नगरला आलो. तो इथल्या एमआयडीसीत होता. वर्षभरात कंटाळून तो परत गेला. मी राहिलो, कारण तोवर मला रक्त तपासणीच्या लॅबमध्ये काम लागलं होतं आणि आईनं ते गावभर सांगून टाकलं होतं. काम असं की सकाळी लॅबची मोटरसायकल घ्यायची, मागे बर्फाचा डबा बांधायचा, सोनईपर्यंतच्या दवाखान्यांतून रक्ताच्या बाटल्या गोळा करायच्या आणि दुपारच्या आत नगरला आणून द्यायच्या. गावाला मात्र वाटतं मी तपासतो. लोक फोनवर मला रिपोर्ट वाचून दाखवतात. मी म्हणतो, डॉक्टरला दाखवा. त्यावरही ते म्हणतात की पोरगा हुशार आहे, घाईनं काही सांगत नाही.

पहिल्याच दिवशी लॅबच्या साहेबांनी मला गाडीजवळ नेलं. माझ्याआधीच्या माणसानं ऑइल न बघता गाडी पळवली होती आणि इमामपूरच्या घाटात इंजिन जाम झालं होतं. गाडी टेम्पोतून परत आली आणि तो माणूस आलाच नाही.

"रोज सकाळी, गाडी थंड असताना, उभी करून ऑइल बघायचं," साहेब म्हणाले. "टोपण खोलायचं. त्याला पट्टी असते. पुसायची, परत नुसती टेकवायची, पिळायची नाही. काढून बघायची. पट्टीवर दोन रेघा आहेत. त्यांच्या मधे ऑइल पाहिजे. कळलं?"

"कळलं."

"इंजिन गेलं तर तुम्हीही गेलात."

हेही कळलं. मला भीतीच्या गोष्टी लवकर कळतात.

गाडी रात्री माझ्याच खोलीवर असायची, म्हणून दुसऱ्या दिवसापासून मी तिथेच ऑइल बघू लागलो. खोलीसमोर गाडी उभी करायची, म्हणजे साईड स्टँडला लावायची, उजव्या बाजूला उकिडवं बसायचं, टोपण खोलायचं, पुसायचं, टेकवायचं, काढायचं. पट्टीच्या टोकाला ऑइलचा नुसता ओलावा. खालच्या रेघेलाही लागलेलं नाही. मी घाबरलो. बाटली आणली आणि थोडं ओतलं. दुसऱ्या दिवशी बघितलं तरी रेघेच्या खालीच. पुन्हा थोडं ओतलं. असं मी रोज केलं. आईला फोन करायचा राहिला असेल, ऑइल बघायचं राहिलं नाही.

ऑइल जातं कुठं, हे कळावं म्हणून मी संध्याकाळी गाडीखाली वर्तमानपत्र अंथरलं. सकाळी कागद कोरडा. याचा मला जास्त त्रास झाला. खाली सांडलं असतं तर निदान सापडलं तरी असतं.

मग घोडेगावला रस्त्याकडेच्या एका मेस्त्रीला विचारलं. तो दुसऱ्याच गाडीचं चाक काढत होता. त्यानं मान वर केली नाही.

"ऑइल रोज कमी हुतंय?"

"हो."

"खाली गळत न्हाई?"

"नाही."

"मग पितीय ती. पिस्टनच्या रिंगा गेल्या. इंजिन खोलावं लागंल." मग चाकाकडे बघतच म्हणाला, "कुनाची हाय गाडी?"

"लॅबची."

"मग तुमी कशाला रडताय?"

मी रडत नव्हतो. चेहरा तसाच आहे.

दहाएक दिवसांनी गाडी जड चालू लागली आणि मागून धूर येऊ लागला. पांढुरका, निळसर, भरपूर. घाट चढताना मागच्या गाड्या हॉर्न न वाजवता अंतर ठेवून यायच्या. सोनईच्या दवाखान्यात शिरलो तेव्हा तिथल्या सिस्टर रक्ताच्या बाटल्या हातात घेऊन बाहेरच आल्या.

"आली का ग्रामपंचायतीची डासांची मशीन?" त्या म्हणाल्या. मग बाकावरच्या पेशंटांना, "खिडक्या लावून घ्या रं."

एक आजीबाई म्हणाल्या, "ऱ्हाऊ द्या की, आमच्याकडं लई डास हायेत. बाळा, आमच्या वस्तीवर पन एक चक्कर मार."

मी बाटल्या डब्यात ठेवल्या आणि मोजल्या. आकडा लक्षात राहिला नाही, म्हणून पुन्हा मोजल्या.

शनिवारी धूर साहेबांनीही पाहिला. लॅबच्या दारात उभे राहून त्यांनी नाकाला रुमाल लावला. मग म्हणाले, "सोमवारी सकाळी गाडी मला दाखवा. मी बघतो काय ते."

रविवारी सकाळी मी गाडीजवळ बसलो होतो. मनात घरी जायच्या रेल्वेचं वेळापत्रक चाललं होतं, आणि आईला काय सांगायचं ते. बाई चर्चमधून परतत होत्या. पांढरी साडी, हातात बायबल, वाटेत भेटेल त्याला "सलाम", हा त्यांच्या चर्चचा नमस्कार. मला सलाम करून त्या पुढे गेल्या आणि मागे आल्या.

"काय करतोयस रे?"

"ऑइल पाहून राहिलो, बाई."

"पाहून राहिलायस ते दिसतंय. तिरकं का पाहून राहिलायस?"

मला वाटलं त्या माझ्या बोलीची चेष्टा करतायत. केडगावात सगळेच करतात. पण त्यांनी बायबल ओट्यावर ठेवलं, माझा चहाचा ग्लास उचलला, त्यात अर्धा चहा होता, आणि तो डावीकडे तिरका धरला.

"चहा कुठल्या बाजूला जास्त दिसतोय?"

"डाव्या."

"आणि उजवीकडून बघणाऱ्याला?"

"कमी."

"मग खरा चहा किती?"

त्यांनी ग्लास सरळ केला. मग मी गाडीकडे बघितलं. गाडी साईड स्टँडवर डावीकडे झुकली होती आणि मी उजवीकडे बसून दहा दिवस तिच्यात ऑइल ओतत होतो.

"शाळा कितवीत सोडलीस?"

"आठवीत."

"हे सातवीत आहे."

"सातवीत मी होतो, बाई."

"होतास. लक्ष नव्हतं."

मी एवढंच म्हटलं की साहेबांनी गाडी उभी करून बघायला सांगितलं होतं आणि मी रोज उभीच करत होतो.

"ही उभी?" बाई म्हणाल्या. "ही रेललीय. उभी म्हणजे दोन्ही पायांवर. डबल स्टँडला लाव."

तेव्हा मला दुसरी गोष्ट सांगावी लागली. मला डबल स्टँड लावता येत नाही. पहिल्या आठवड्यात प्रयत्न केला होता, तेव्हा गाडी माझ्या अंगावर आली. कुणी पाहिलं नव्हतं, म्हणून मी ते कुणाला सांगितलंही नव्हतं.

बाईंनी पदर खोचला. त्यांचं वय मी विचारलेलं नाही, पण रिटायर होऊनही बरीच वर्षं झालीत. त्यांनी डाव्या हातानं हँडल धरलं, उजव्यानं मागचा दांडा, आणि स्टँडच्या खुंटीवर चप्पल ठेवली.

"उचलायची नाही. तू उचलत असशील, म्हणून पडली. पायावर सगळं वजन टाकायचं, गाडी आपली आपण वर येते." गाडी आपली आपण वर आली. "आमच्या ह्यांची स्कूटर मी वीस वर्षं लावली. त्यांना कंबरदुखी होती."

मग त्यांनी ती खाली काढली आणि माझ्याकडून तीन वेळा लावून घेतली. पहिल्यांदा गाडी हलली नाही. दुसऱ्यांदा मी हललो. तिसऱ्यांदा लागली.

आता टोपण खोललं, पुसलं, टेकवलं, काढलं. ऑइल वरच्या रेघेच्या वर, पार टोपणाच्या आट्यांपर्यंत.

"हे इंजिन आहे की पाण्याची टाकी?" बाई म्हणाल्या.

जास्तीचं ऑइल काढायला खालचा नट खोलावा लागतो. मेस्त्री रविवारी बंद. बाईंनी घरातून त्यांच्या मिस्टरांची हत्याराची पेटी आणली आणि त्यातून पाना शोधून दिला, सतरा नंबरचा. गाडीखाली पत्र्याचा डबा ठेवला. मी नट ढिला करून थोडं थोडं सोडत होतो, बंद करत होतो, थोडं थांबून पट्टी बघत होतो, आणि बाई ओट्यावर बसून "अजून", "अजून", "बास" सांगत होत्या. ऑइल दोन रेघांच्या मधे आलं तेव्हा डब्यातलं मी माझ्या रिकाम्या बाटलीत भरलं. बाटली जवळजवळ पूर्ण भरली. जेवढं आणलं होतं त्यातलं बहुतेक गाडीनं परत केलं. कमी भरलं तेवढं हवेच्या फिल्टरमध्ये चढून त्याचा धूर झाला होता; आपणहून एक थेंब प्यायली नव्हती बिचारी.

पाना पुसून परत देताना बाई म्हणाल्या, "सतरा नंबरचा पाना घेतलास, आता सतरा नंबरचा फॉर्मही घे. दहावीला बाहेरून बसता येतं."

मी म्हटलं बघतो.

"तुझं बघणं मी बघितलंय," त्या म्हणाल्या. मग पेटी बंद करत, "उद्या साहेबांना तूच आधी सांग. गाडीनं सांगायच्या आत."

सोमवारी मी सांगितलं. बोलायचं ते रात्री पाठ केलं होतं, त्यातलं निम्मं विसरलो. साहेब, रोज ऑइल ओतलं, जास्त झालं, काढलं, हवेचा फिल्टर भिजलाय तो बदलावा लागेल, गाडी मी साईड स्टँडवर बघत होतो.

"पण मी उभी करून बघा म्हटलं होतं."

"मी उभीच केली होती, साहेब."

साहेब माझ्याकडे बघत राहिले. मग ते बाहेर गेले. त्यांची स्वतःची मोटरसायकल दारात साईड स्टँडवर होती. त्यांनी ती डबल स्टँडला लावली, टोपण खोललं, पट्टी पुसली, टेकवली, काढून उन्हात धरली. बराच वेळ धरली. आत आले तेव्हा हाताला ऑइल होतं.

"फिल्टर आजच बदलून घ्या," ते म्हणाले. "सोनईला निघा, उशीर होतोय."

त्या आठवड्यात लॅबच्या फ्रीजवर एक कागद चिकटला: ऑइल बघताना गाडी डबल स्टँडवर. उभी हा शब्द त्यात नव्हता. साहेबांच्या गाडीत किती ऑइल जास्त निघालं ते त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

धूर दोन-तीन दिवसांत संपला. सोनईच्या सिस्टर म्हणाल्या, "डास परत आले की वो."

मी अजून रोज सकाळी ऑइल बघतो. इतकं बघायची गरज नाही असं बाई म्हणतात, पण आता सरळ बघतो. सतरा नंबरचा फॉर्म आणलाय. सातवीचं विज्ञानाचं पुस्तकही आणलंय, आधी ते संपवणार आहे.

बाईंच्या पडवीत त्यांच्या मिस्टरांची स्कूटर ताडपत्रीखाली आहे. ते गेल्यापासून बंद. बाई चर्चला चालत जातात, गुडघा धरून. ती स्कूटर पेट्रोलमध्येच ऑइल मिसळायच्या जातीची, तिला पट्टी नाही, त्यामुळे तिच्यात काय चुकायचं ते मला नव्यानं शिकावं लागेल. शिकेन. ती चालू करीन, आणि एका रविवारी बाईंना मागे बसवून चर्चच्या दारात नेऊन सोडीन. उतरल्यावर त्यांनी हात लावायचा नाही. डबल स्टँडला मी लावीन.