पाच पायांचा भुंगेरा

शहापूरच्या आमच्या कॉलेजात टाचणीला टोचलेल्या किड्यांच्या जुन्या लाकडी पेट्या आहेत. परदेशातल्या एका संग्रहालयाबरोबर त्या किड्यांचे फोटो आणि नोंदी इंटरनेटवर टाकायचं काम आलं, तेव्हा सरांनी दोघींना निवडलं. एक वाशिंदची मुलगी आणि दुसरी मी. पुढे आमच्यातल्या एकीला तिकडे तीन महिने शिकायला बोलावणार होते. आमच्या घरात कॉलेजात आलेली मी पहिलीच. ते बोलावणं मला किती हवं होतं, हे मी घरीसुद्धा बोलले नव्हते.

तिला सगळं सहज जमायचं. तिकडच्या मॅडम व्हिडिओ कॉलवर आल्या की ती हसतखेळत बोलायची. मी मनात इंग्रजी वाक्य जुळवेपर्यंत विषय पुढे गेलेला असायचा.

एकदा तिच्या हातून एका भुंगेऱ्याची मिशी तुटली. खरं सांगते, मला बरं वाटलं. पण तिने ती चिमट्याने उचलून इवल्याशा कुपीत ठेवली, कुपी त्याच टाचणीला लावली आणि नोंदीत लिहिलं, 'हाताळताना तुटली.' मॅडमनी कॉलवर तिचं कौतुक केलं.

"तोडली तू, न् शाबासकी पण तुलाच?" मी म्हटलं.

"मग तू पण तोड ना गो एक!" ती हसली.

मी तोडला होता. आठवड्यापूर्वी, मुरबाडकडच्या भातशेतातून कुणीतरी कधीकाळी पकडलेल्या भुंगेऱ्याचा पाय. तो मी फुंकर मारून टेबलावरून उडवला होता. लहानपणी आईबरोबर फार्महाऊसवर कामाला जायचे. तिथे काही मोडलं तर कुणी बघायच्या आत नाहीसं करायचं, नाहीतर उद्या बोलावत नाहीत, एवढंच मला ठाऊक होतं.

संध्याकाळी मी त्या भुंगेऱ्याचा फोटो उघडला. पाय पाचच. खाली माझं नाव आणि मीच लिहिलेलं, 'नमुना पूर्ण.'

दुसऱ्या दिवशी सरांना म्हणाले, "सर, याचा पाय माझ्या हातून गेला. ठेवला नाय मी."

"मग लिही तसं."

लिहिलं. पुढच्या कॉलवर मॅडमनी ते वाचलं, पाय कुठे आहे एवढंच विचारलं. "फेकला," मी इंग्रजीत सांगितलं. त्यांनी मान हलवली आणि पुढची पेटी मागितली.

बोलावणं तिला आलं. आता तिचे तिकडचे फोटो येतात. लाइक करायला मला अजून वेळ लागतो.