पहारीचा आवाज

भाऊजी, आता तुम्ही रागावू शकत नाही, म्हणून सांगून टाकते. जन्मभर तुम्ही दगडखाणीतून स्फटिक काढलेत आणि जन्मभर त्या खाणीला घाबरलात. सकाळी एकेक बूट चढवायला तुम्हाला पाव तास लागायचा. थंडी आहे म्हणायचात. भर उन्हाळ्यात कसली डोंबलाची थंडी?

मी तुमची थोरली वहिनी, त्यात कॉलेजात रसायनशास्त्र शिकलेली. गप्प थोडीच बसणार? खडक म्हणजे घोळका, खनिज म्हणजे त्यातला एकेक जण, असं तुम्हाला सांगायची. प्रत्येकाचं रसायन ठरलेलं, आतल्या कणांची बसायची जागाही ठरलेली. लाव्हा थिजताना त्यात वायूचे बुडबुडे अडकले, पोकळ्या राहिल्या. मग भेगांतून गरम पाणी झिरपलं, वाटेतला खडक थोडा थोडा विरघळवत आलं आणि निवता निवता पोकळीच्या भिंतीवर कण ठेवत गेलं. त्याला हजारो वर्षं लागली. तुम्ही म्हणालात, हे पाणी माझ्यासारखंच की, काम सावकाश; पण त्याला कुणी टोमणे मारत नाही.

तुमची रीत साधी. पहारीने खाणीतल्या बोगद्याचं छत ठोकायचं आणि ऐकायचं. खणखणीत वाजलं तर भरीव. बद्द वाजलं तर आत स्फटिकांची पोकळी, नाहीतर मागून सुटलेली शिळा, डोक्यावर यायला टपलेली. या दोहोंतला फरक सगळा कानात.

त्या दिवशी खरी पोकळी बघायची म्हणून मी हट्टाने तुमच्याबरोबर आले. तुम्ही ठोकलंत, घबाड आहे म्हणालात आणि छिन्नी लावलीत. वरून बारीक खडी चुरचुरत गळायला लागली. मला ऐकू येत होतं. मी हाक मारली, तुम्ही वळला नाहीत. पुन्हा मारली. मग कॉलर धरून मागे खेचलं आणि तुम्ही उभे होतात तिथेच शिळा आदळली.

धुळीत आपण भिंतीला पाठ लावून बसलो.

"वहिनी, उजवा कान गेलाय," तुम्ही म्हणालात. "डावाही कमी झालाय. मुकादमाला कळलं तर घरी बसवेल. काय करू मी घरी?"

"आधी डॉक्टरांना दाखवू. मग बसायचं की उठायचं ते ठरवू."

तुम्ही मान हलवलीत. सोमवारी सकाळी तुमच्या फाटकाशी भेटायचं ठरलं.

सोमवारी मी पिशवी घेऊन फाटकाशी उभी राहिले. जाऊबाई बाहेर आल्या, म्हणाल्या, हे तर मागच्या दाराने कधीच कामावर गेले. छतापेक्षा डॉक्टरांची भीती मोठी निघाली. मी तशीच खाणीच्या रस्त्याला लागले. जवळजवळ धावतच. मुकादम वाटेतच समोरून आला. तुमचं हेल्मेट त्याच्या हातात होतं. मला काही विचारावं लागलं नाही.

दवाखान्यात मी आपला नंबर लावून ठेवला होता, भाऊजी. तिसरा. तो तसाच राहिला.