म्हणे, मी माझी मालक

भात वाढून घेतला होता. आमटीचा डाव उचलला, तेवढ्यात मॅनेजरनं माझ्या हातातलं ताट ओढलं. सगळ्या स्टाफसमोर.

"आजपासून तू इथं जेवायचं नाही. हे जेवण एम्प्लॉयींचं आहे. तू फ्रीलान्सर आहेस."

भरलं ताट त्यानं खरकट्याच्या बादलीत पालथं केलं. कुणी वर बघितलं नाही.

मी तिकोणा पेठ गावची. किल्ल्याच्या कातळावर खेळत वाढले. लोणावळ्याच्या त्या रिसॉर्टवर पाहुण्यांना दोर बांधून कड्यावरून उतरवायचं माझं काम. अंगात त्यांचा टी-शर्ट. सकाळी त्यांच्या मशीनवर अंगठा. आई आजारी होती तेव्हा रजा मागितली, तर हाच मॅनेजर म्हणाला होता, "नोकरी आहे ही. मनाला येईल तेव्हा सुट्टी नाही मिळणार."

तेव्हा नोकरी होती. आता नव्हती.

कारण मागाहून कळलं. आयकर खात्यानं रिसॉर्टला विचारलं होतं, दोरावरची माणसं पगारदार की स्वतंत्र व्यावसायिक? आमचा कर ते व्यावसायिक म्हणून कापायचे. पगारदार म्हटलं की पीएफ आला, भरपगारी रजा आली. म्हणून आम्ही नोकर दिसायला नको होतो. आधी ताट गेलं. मग बायकांच्या संडासाची किल्ली गेली. मी करवंदीच्या जाळीमागं जायचे. खाली पाहुण्यांच्या गाड्या. स्वतंत्र झाले होते ना मी!

आईला सांगितलं. तिचा भाकरी थापणारा हात थांबला.

"आमाला गावच्या लग्नात पंगत उठल्यावर वाढायचे. लांब बसवून. मला वाटलं व्हतं, तुज्यापस्तोर हे संपलं आसंल."

तिनं भाकरी तव्यावर टाकली. माझ्या डोक्यात मात्र जाळ झाला.

आयकर खात्याचे अधिकारी आले त्या दिवशी मॅनेजर लय गोड. खुर्ची दिली. म्हणाला, "विचारलं तर सांग, मी माझी मालक आहे, जमेल तेव्हा येते. तुमच्या लोकांना काम मिळतंय, ते टिकव."

तुमच्या लोकांना.

अधिकारी मॅडमनी विचारलं, "तुम्हाला यायचं नसेल तर तुमच्या जागी दुसऱ्या कुणाला पाठवता येतं?"

मॅनेजर माझ्याकडं रोखून बघत होता. घर माझ्या कमाईवर.

"न्हाई," मी म्हणाले. "कवा यायचं, कवा जायचं, सायेब ठरवत्यात. दोर त्यांचा, शर्ट त्यांचा. मी नोकर आहे. मालक असते तर जाळीमागं गेले असते का?"

मॅडमनी जबाब लिहिला, वाचून दाखवला. मी सही केली.

माझ्यानंतर भाजे गावचा, दोरावरचा माझा सोबती आत गेला. "मी माझा मालक," म्हणाला. तो अजून कामावर आहे. कुंपणाबाहेर दगडावर बसून डबा खातो. माझा राग त्याच्यावर नाही.

मला दुसऱ्या दिवशी गेटवरूनच परत पाठवलं.

चौकशी चालू आहे. निकाल काय लागेल, ठाऊक नाही. परवा मॅनेजरचा फोन आला. "जबाब बदल, सोमवारपासून ये. तू तर आपल्या घरचीच आहेस."

मी म्हणाले, "घरची नको. नोकर म्हणा, आन् तसं लिहून द्या. माझ्या एकटीला न्हाई, दोरावरच्या सगळ्यांना."

त्यानं फोन कापला. कापू दे. चौकशीला जिथं बोलावतील तिथं मी जाणार. शंभरदा विचारलं तरी हेच सांगणार.