किट बरोबर आहे

प्रयोगशाळेत ताईला सगळे 'नॉर्मल' म्हणायचे. नवीन तपासणी सुरू करायची झाली की यंत्र नीट चालतंय ना, हे बघायला आधी एखाद्या धडधाकट माणसाचं रक्त लावतात. धडधाकट आणि हाताशी असलेली कोण, तर ताई. ती तिथे रक्ताचे नमुने घ्यायची. बाही वर करायची, शेजारच्या टेबलावरच्या बाईला सुई टोचायला सांगायची आणि पुन्हा कामाला लागायची. तिची सहीबिही कुणी घेत नसे. घरच्या माणसाची कसली सही?

मी म्हणायचे, "अगं, पगार देतात की रक्त पितात?" ती हसायची. तिला त्या 'नॉर्मल'चा अभिमान होता, आणि मला तिच्या अभिमानाचा राग यायचा.

मग तिथे मेंदूच्या एका आजारावर संशोधन सुरू झालं. आईबापाकडून येणारा आजार. पन्नाशीच्या आसपास हातपाय आपल्याच मनानं हलायला लागतात, पुढे गिळणं जातं, मग माणूस जातो. बिघाड कुठल्या जनुकात आहे ते सापडलंय, औषध सापडलेलं नाही. आमचे बाबा असेच गेले, पण आमच्या घरात त्या आजाराचं नाव दारू होतं. बाबा प्यायचेही, त्यामुळे कुणी खोलात शिरलं नाही. ताईसुद्धा नाही. दिव्याखाली अंधार, दुसरं काय!

तपासणीचं किट आलं, नेहमीप्रमाणे ताईचं रक्त लावलं आणि त्यात तोच बिघाड निघाला. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी किटला नावं ठेवली, परत पाठवलं, दुसरं मागवलं. त्यातही तेच. त्या तिसऱ्यासाठी फोन उचलायला लागल्या तेव्हा ताई म्हणाली, "मॅडम, राहू द्या. किट बरोबर आहे."

तिथे पेशंटला निकाल सांगायच्या आधी समोर बसवून समजावतात, ऐकायचाय का विचारतात. ताईला कुणी विचारलं नाही. ती पेशंट नव्हतीच ना.

संध्याकाळी माझ्याकडे येऊन, भाजी निवडता निवडता तिनं मला सगळं सांगितलं. "तुझ्यातही असायची शक्यता निम्मी," म्हणाली.

"मी विचारलं होतं का तुला?" मी खेकसले. मला रडू आलं नाही. काहीच आलं नाही. मशीनवर बसून मी उशांचे अभ्रे शिवत राहिले.

ताईला मूलबाळ नाही, पण मला मुलगी आहे. माझ्यात असलं तर तिच्यातही असू शकतं. म्हणून मीही तपासून घ्यायला गेले. मला मात्र रीतसर बसवून विचारलं, सही घेतली.

निकालाच्या दिवशी ताई माझ्या खुर्चीमागे उभी होती. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "तुमच्यात नाही." सुटल्यासारखं वाटेल असं वाटलं होतं. तसंही काही वाटलं नाही. हातात पर्स होती, ती धरून बसले.

बाहेर बाकावर ताई माझ्याशेजारी टेकली.

"बरं झालं," ती म्हणाली. "बाबांना शेवटी शेवटी मीच भरवायचे. तू लहान होतीस, तुला खेळायला पाठवायचो."

"हं."

"घास लहान करायचा. एक गिळला की मगच दुसरा. घाई केली की ठसका लागतो."

"बरं," मी म्हटलं.

"आणि मी चिडेन. बाबाही चिडायचे. तू उलटून बोलू नकोस."